अपघातानंतर टी-३ कमी आला, म्हणजे थायरॉईड बिघडला का?

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या भोवतालच्या रस्त्यांवर रात्री एक ठरलेला धोका उभा असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. राष्ट्रीय महामार्ग ४८ असो, नाहीतर राधानगरीकडे किंवा गगनबावड्याकडे जाणारा रस्ता असो, दुचाकीवरचा पोरगा मागून जाऊन आदळतो. मांडीचं हाड मोडतं, बरगड्या तुटून फुप्फुसाला लागतात, प्लीहा फाटून पोटात रक्त साठतं. सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात रातोरात ऑपरेशन होतं, पेशंट व्हेंटिलेटरवर जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रिपोर्टांच्या गठ्ठ्यात एक ओळ ठळक अक्षरांत येते : टी-३ कमी.

त्या ओळीचा फोटो मग व्हॉट्सॲपवर फिरतो. मेडिकल दुकान चालवणारा पाव्हणा सांगतो, याला थायरॉईड पण निघालाय. आत्या म्हणते, आमच्या घराण्यात आहेच तो, मला किती वर्षं गोळी चालू आहे. आणि डॉक्टर राउंडला आले की विचारलं जातं, “थायरॉईडची गोळी कधी सुरू करणार ओ?”

बहुतेक वेळा उत्तर असतं, करायची नाही. डॉक्टर घाईत असतात, कारण सांगायला उभे राहत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं की एक आजार उपचाराविना सोडून दिला. म्हणून ते कारण इथे जरा सविस्तर सांगतो.

थायरॉईड ही गळ्यात श्वासनलिकेला लगटून बसलेली लहानशी ग्रंथी. ती मुख्यतः टी-४, म्हणजे थायरॉक्सिन बनवते आणि थोडा टी-३. नावातला आकडा म्हणजे त्या रेणूत आयोडीनचे किती अणू आहेत तो. टी-४ हा साठ्याचा माल आहे. पेशींत जाऊन खरं काम करतो तो टी-३. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, अन्न किती वेगाने जळायचं, स्नायूंची झीज-भर, या सगळ्यावर त्याचा हात असतो. आणि शरीरातल्या टी-३ पैकी साधारण ८० टक्के टी-३ ग्रंथीत तयारच होत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-४ मधला आयोडीनचा एक अणू काढून तो बनवला जातो.

हे कळायलाही बराच काळ गेला. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळं काढलं. टी-३ सापडायला १९५२ उजाडलं, तो लंडनमध्ये जॅक ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी शोधला. आणि १९७० मध्ये ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग या तिघांनी दाखवलं की ज्यांची थायरॉईड ग्रंथी कामच करत नाही, अशा माणसांना नुसता टी-४ दिला तरी त्यांच्या रक्तात टी-३ दिसतो. म्हणजे तो बाहेरच कुठेतरी बनतोय.

अणू काढायचं हे काम करणारी एन्झाईम्स असतात, त्यांना डीआयोडिनेज म्हणतात. त्यांची गंमत अशी की टी-४ च्या रेणूला दोन कडी आहेत. बाहेरच्या कड्यावरचा अणू काढला तर कामाचा टी-३ मिळतो. आतल्या कड्यावरचा काढला तर मिळतो ‘रिव्हर्स टी-३’. त्यातही आयोडीनचे तीनच अणू असतात, पण तो जवळजवळ निकामी असतो. कच्चा माल तोच. कुठला अणू काढायचा, यावर शरीर गतीने चालणार की संथ, हे ठरतं. हा रिव्हर्स टी-३ रक्तात नेमका मोजण्याची पद्धत १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात इंदर चोप्रा यांनी प्रसिद्ध केली आणि आजारी माणसांच्या शरीरात काय चाललंय ते उलगडायला लागलं.

आता त्या पोराकडे येऊ. मोठी इजा झाली की काही तासांतच शरीर ही वाट बदलतं. टी-३ बनवणारं एन्झाईम मंदावतं आणि टी-४, टी-३ दोन्ही निकामी करणारं एन्झाईम, जे एरवी मोठ्या माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत फारसं सापडत नाही, ते तिथे जागं होतं. आयसीयूत दगावलेल्या रुग्णांच्या यकृताच्या आणि स्नायूंच्या नमुन्यांत हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. परिणाम असा की पहिल्या दिवसाच्या आतच रक्तातला टी-३ घसरतो आणि रिव्हर्स टी-३ चढतो. टी-३ चं रक्तातलं अर्धं आयुष्य जेमतेम एक दिवस, टी-४ चं सुमारे सात दिवस. त्यामुळे टी-३ झटकन खाली दिसतो आणि टी-४ सुरुवातीला ठीकच असतो.

हा हुकूम देतं कोण? एकच कोणी नाही. तुटलेल्या हाडांतून, चिरडलेल्या स्नायूंतून दाहाचे निरोप सुटतात. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा ही नावं त्यातली. ताणाचं कॉर्टिसोल वाढलेलं असतं, तेही टी-३ बनू देत नाही. शिवाय पोटात अन्न नसतं. नुसत्या कडक उपाशीपणानेही धडधाकट माणसाचा टी-३ दोन-तीन दिवसांत खाली येतो. (साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेला नवरात्राचा उपवास यात धरू नका.) त्यात रक्तस्राव झालेला, सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेलेल्या, म्हणजे रक्त पातळ झालेलं. थायरॉईडची हार्मोन्स रक्तात ज्या प्रथिनांवर बसून फिरतात, तीच कमी झाली की ‘एकूण’ टी-३ आणि ‘एकूण’ टी-४ आणखी कमी दिसतात. म्हणून शक्य असेल तिथे ‘फ्री’, म्हणजे प्रथिनांवर न बसलेला मोकळा टी-४ पाहिला जातो, पण आयसीयूत तोही पूर्ण भरवशाचा नसतो.

इजा फारच मोठी असेल, किंवा आठवडा-दोन आठवडे पेशंट आयसीयूतच राहिला, तर दुसरी पायरी येते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून निघणारा आदेशच क्षीण होतो. त्यामुळे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, कमी सोडते, थायरॉईडला चालना मिळत नाही आणि टी-४ सुद्धा उतरायला लागतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही : नेहमीच्या थायरॉईडच्या आजारात ग्रंथी थकलेली असते, म्हणून मेंदू ओरडून सांगतो आणि टीएसएच वर जातो. इथे टी-३, टी-४ खाली असूनही टीएसएच वर जात नाही. तो नॉर्मल असतो, नाहीतर थोडा कमीच. ग्रंथीला काही झालेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर ‘लो टी-३ सिंड्रोम’, ‘युथायरॉईड सिक सिंड्रोम’ किंवा ‘नॉन-थायरॉइडल इलनेस’ असं काही लिहिलेलं असलं तर ते हेच.

टी-३ किती खाली गेला यावरून एक अंदाज मात्र बांधता येतो. अपघाताच्या रुग्णांत इजेची तीव्रता मोजायची एक पद्धत १९७४ पासून वापरात आहे, इंज्युरी सिव्हिअरिटी स्कोअर. शरीराचे सहा भाग धरायचे, सर्वांत जास्त जखमी अशा तीन भागांना दिलेल्या गुणांचे वर्ग करून बेरीज करायची. जास्तीत जास्त ७५. पंधराच्या वर गेला की इजा गंभीर धरतात. हा स्कोअर जसा वाढतो तसा टी-३ खाली सरकतो, हे वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दगावणाऱ्यांचा टी-३ वाचणाऱ्यांपेक्षा सरासरीने कमी निघतो, आणि टी-४ सुद्धा फार कोसळला असेल तर ते फारच वाईट लक्षण.

मग साहजिक वाटतं की आकडा खाली आहे तर गोळी देऊन वर आणा. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. त्या पट्टीवरून पूर किती आलाय ते अचूक कळतं. पण बंधाऱ्यापाशी मोटर लावून चार फूट पाणी उपसलं म्हणून शिरोळ तालुक्यातल्या गावांचा वेढा सुटत नाही. टी-३ ही बहुतांशी तशी पट्टी आहे. पूर आहे तो जखमेचा, रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा.

हे नुसतं तर्काने ठरवलेलं नाही, लोकांनी देऊन पाहिलं आहे. १९८२ मध्ये मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांना टी-३ दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यू कमी झाले नाहीत. १९८६ मध्ये ब्रेंट आणि हर्शमन यांनी अतिगंभीर रुग्णांना शिरेतून टी-४ दिला. रिपोर्टमधला टी-४ छान वर आला, पेशंटच्या नशिबात फरक पडला नाही, उलट त्यांचा स्वतःचा टी-३ सावरायला उशीर झाला. १९९५ मध्ये बायपासच्या रुग्णांना टी-३ देऊन पाहिला, हृदय थोडा वेळ जास्त रक्त ढकलू लागलं, अंतिम निकालात विशेष काही नाही. २००० साली मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासात तर थायरॉक्सिन मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले. मेंदूमृत दात्यांचं हृदय टिकावं म्हणून थायरॉक्सिन द्यायची जुनी रीत होती, तिलाही २०२३ मधल्या एका मोठ्या चाचणीत पाठबळ मिळालं नाही. यातले बरेचसे अभ्यास छोटे आहेत आणि फक्त अपघाताचे रुग्ण घेतलेले असे मोजकेच, हे खरं. पण गोळीच्या बाजूने ठाम पुरावा उभा राहिलेला नाही. अमेरिकेतल्या थायरॉईडतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं की खरा हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉईडचं काम खरोखरच कमी पडणं, असल्याशिवाय दवाखान्यातल्या गंभीर रुग्णाला थायरॉईडचं औषध देऊ नये.

शरीर असं का करत असेल, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. सुरुवातीच्या दिवसांतली घसरण ही काटकसर असावी असं बरेच जण मानतात, आणि मला ते पटतं. जखम भरायची आहे, प्रथिनं वाचवायची आहेत, तेव्हा बाकीचे खर्च आवरा. २०११ मध्ये बेल्जियममधल्या साडेचार हजारांहून जास्त आयसीयू रुग्णांच्या चाचणीत दिसलं की पहिल्याच आठवड्यात शिरेतून भरपूर पोषण देण्याची घाई केली नाही तर रुग्ण लवकर सावरतात. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात आढळलं की लवकर पोषण दिलेल्यांचा टी-३ तितका घसरत नव्हता, पण त्याचा त्यांना फायदा झाला नाही. आठवड्यांमागून आठवडे आयसीयूत पडून राहिलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. तिथे स्नायू झिजतात, व्हेंटिलेटर सुटत नाही, आणि तेव्हाचा कमी टी-३ सुद्धा काटकसरच आहे असं छातीठोकपणे कोणी म्हणत नाही.

आयसीयूतली औषधंही रिपोर्टमध्ये ढवळाढवळ करतात. रक्तदाब टिकवायला डोपामिन चालू असेल तर टीएसएच दबतो. स्टिरॉईडने तो दबतोच, शिवाय टी-३ बनणंही कमी होतं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन चालू असताना घेतलेल्या नमुन्यात फ्री टी-४ खोटा वाढलेला येऊ शकतो. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिलेल्या औषधात आयोडीनचा मोठा डोस असतो, त्यानेही आकडे हलू शकतात. म्हणूनच आयसीयूत ठोस शंका नसेल तर थायरॉईडची तपासणी करूच नये, असा सल्ला आहे. आपल्याकडे ती ‘पॅकेज’मध्ये असते म्हणून होते, आणि मग आलेल्या आकड्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

ठोस शंका कधी? गळ्यावर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे, घरात गोळ्यांची बाटली सापडली, अंग गार पडतंय, नाडी फारच संथ आहे, कारण कळत नसताना पेशंट शुद्धीवर येत नाही. अशा वेळी टीएसएच २० च्या वर आणि फ्री टी-४ कमी निघाला तर तो बहुधा खरा हायपोथायरॉइडिझम. त्याला उपचार लागतातच, आणि तातडीने.

खरी फसगत पुढे होते, पेशंट बरा होताना. जखमा भरायला लागतात, जेवण सुरू होतं, मेंदूचा आदेश परत जोर धरतो, आणि काही दिवस टीएसएच नॉर्मलच्या वर उसळी घेतो. ८, १०, कधी १५, क्वचित २० पर्यंतही. ही बरं होण्याची खूण आहे. पण नेमक्या याच सुमाराला डिस्चार्ज असतो किंवा टाके काढायला आल्यावर पुन्हा रक्त तपासलं जातं. टीएसएच वाढलेला दिसतो, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होते, आणि एकदा सुरू झालेली थायरॉईडची गोळी आपल्याकडे सहसा कोणी बंद करत नाही. पोरगा पंचवीस वर्षांचा असतो. त्यामुळे आयसीयूतून सुटल्यावर लगेच आलेला थोडाफार वाढीव टीएसएच पाहून घाबरायचं नाही. पूर्ण बरं वाटायला लागल्यावर निदान सहा आठवडे जाऊ द्यायचे आणि मग टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा करायचे. तेव्हाही बिघाड दिसला तर तो खरा.

आता अपवाद, आणि हा अपवाद मोठा आहे. डोक्याला जबर मार लागला असेल तर हिशेब बदलतो. पिट्युटरी ग्रंथी वाटाण्याएवढी, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली आणि एका बारीक देठाने मेंदूला जोडलेली. तिचा बराचसा रक्तपुरवठा त्या देठातूनच येतो. डोकं रस्त्यावर आपटलं की मेंदू आत हिसका खातो, देठ ताणला जातो, कधी रक्तवाहिन्या तुटतात. मग पिट्युटरीचे एक किंवा जास्त हार्मोन्स कायमचे कमी पडू शकतात. थायरॉईड ग्रंथी ठणठणीत, पण तिला आदेश देणारं कोणी नाही. हेल्मेटवरून शहरात किती वाद झाले ते आठवलं की मला या देठाची आठवण होते, असो.

हा बिघाड आयसीयूत ओळखणं कठीण, कारण रिपोर्ट अगदी लो टी-३ सिंड्रोमसारखाच येतो. तो उघड होतो महिन्यांनी, घरी. माणूस चालता-बोलता झालेला असतो, पण सारखा थकलेला, थंडी वाजते म्हणतो, कामावर जात नाही, बायकांची पाळी येत नाही, पुरुषांची इच्छा मरते. घरचे म्हणतात अपघातानंतर आळशी झाला, मनाला लावून घेतलंय. यात टीएसएच नॉर्मल येऊ शकतो! स्वस्तातल्या तपासणीत नुसता टीएसएच करून ‘थायरॉईड ओके’ म्हणून सोडून दिलं तर हा आजार हातचा निसटतो. डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना तीन ते सहा महिन्यांनी, आणि तक्रारी राहिल्या तर वर्षाने पुन्हा, फ्री टी-४ सोबत सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल आणि पिट्युटरीच्या बाकी तपासण्या करून घ्याव्यात. कॉर्टिसोलचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. दोन्ही कमी असतील आणि आधी थायरॉक्सिन दिलं, तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसोल झपाट्याने संपतं, रक्तदाब कोसळतो आणि जिवावर बेततं. म्हणून आधी कॉर्टिसोलची भरपाई, मग थायरॉईडची गोळी. हा क्रम उलटा करायचा नाही.

ज्यांना अपघाताआधीपासूनच गोळी चालू होती त्यांचं काय? इथे ‘आयसीयूत गोळी नको’ हा नियम लागू नाही. आत्याचाच अपघात झाला असता तर तिची गोळी चालू ठेवायची. टी-४ रक्तात आठवडाभर टिकतो, त्यामुळे ऑपरेशनच्या धांदलीत दोन-तीन दिवस चुकली तर काही बिघडत नाही, पण दोन-तीन आठवडे विसरली गेली तर बिघडतं. होतं असं की बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही आणि घरच्यांना बीपीची गोळी आठवते, थायरॉईडची आठवत नाही, कारण ती सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांच्या आधी घेतलेली असते. घरातली बाटली किंवा जुनी चिठ्ठी नर्सला नेऊन दाखवा. नाकातल्या नळीतून गोळी विरघळवून देता येते. नळीतून चालू असलेलं दूध-पोषण गोळीच्या आधी आणि नंतर तासभर थांबवतात, कारण अन्नासोबत ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. हाड मोडलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला कॅल्शियम चालू असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अपघातानंतर सुरू झालेली गोळी अजून चालू असेल, तर हा लेख वाचून ती आपल्या मनाने बंद करू नका. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, अपघात कधी झाला, आयसीयूतून बाहेर कधी आलो आणि रक्त कधी काढलं ते वर लिहा, आणि फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे घेऊन जा. गोळी सुरू करण्याआधीचा टीएसएच किती होता आणि तो कुठल्या आठवड्यातला होता, यावरून त्यांना बरंच कळतं. शंका वाटली तर ते गोळी थांबवून सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.